टबातला आवाज

“आज त्या गाडीनं वाटेत पाय पसरले, तर तिला परस्पर कुर्ल्याच्या भंगारवाल्याच्या गळ्यात मारून या. घरी आणू नका,” सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप भिकाजी नाखव्यांपुढे आपटला. आपटला, पण चहा बशीत सांडणार नाही इतक्या बेतानं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा हात बसतोच.

“नाही पसरणार,” आप्पा म्हणाले. भिकाजींना घरात आणि चाळीत सगळे आप्पाच म्हणत.

“दिवाळीत पसरले. लहूच्या हळदीला पसरले. जयाच्या लग्नात तर व्याह्यांच्या दारातच पसरले. अनंतराव अजून मला विचारतात, ‘विहीणबाई, तुमचं तीनचाकी जहाज हल्ली कुठल्या बंदरात असतं?’ मला तोंड वर करायला जागा नाही.”

“आज त्यांच्याच दारात नेऊन उभी करतो. आणि नाही पोचली, तर कुर्ला. शब्द दिला.”

दाराशी उभी असलेली त्यांची लेक मंजुळा केस पुसता पुसता थांबली. आप्पांनी दिलेला शब्द मोडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. आणि गाडी न बिघडता मुलुंडला पोचलेली तर त्याहून नाही.

पुढे त्या रविवाराबद्दल घरात पुष्कळ बोललं गेलं. पण सकाळी तो असाच होता, साधा. धाकट्या जयाच्या बाळाचं बारसं होतं, ते व्याह्यांनी हट्टानं मुलुंडला, आपल्याकडे ठेवलं होतं. सगुणाबाई बसनं जाणार होत्या, आप्पा आणि मंजुळा गाडीनं.

गाडी म्हणजे एक जुनी मोटरसायकल आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेला, होडीसारखा निमुळता, तिसऱ्या चाकावर चालणारा डबा. वाकोल्यातली पोरं त्याला टब म्हणत. ती पूर्वी एका बेकरीचे पाव पोचवायची. बेकरी बुडाली आणि आप्पांनी गाडी उचलली. दमट हवेत टबाला अजून पावाचा वास येई.

आप्पांचं तरुणपण काकाच्या मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळण्यात गेलं होतं. भर समुद्रात इंजिन उघडून बघायची सोय नसते, त्यामुळे ते ऐकायला शिकले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. पुढे कारखान्यात फिटर झाल्यावरही ती सवय गेली नाही. चाळीतला कुठलाही पंखा, शिलाई मशीन, पाण्याचा पंप आप्पांनी कान लावल्याशिवाय दुरुस्तीला जात नसे. त्यांचं निदान नेहमीच बरोबर असे असं नाही, पण ते इतक्या गंभीरपणे सांगितलं जाई की पंख्यालाही आपलं तेच झालंय असं वाटावं.

त्यांची एकच काळजी होती आणि ती त्यांनी चाळभर सांगितली होती. टबात पुरेसं वजन नसलं की डाव्या वळणाला तो चाक उचलतो.

“आणि आमची मंजू म्हणजे काय, वाळत घातलेला पदर,” सगुणाबाई म्हणत. “वळणावर उडून जायची पोर. मी तर त्या टबाला बोटसुद्धा लावणार नाही.”

त्या सकाळी त्या आपली पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधीच खाली उतरल्या. मंजुळा खाली आली तेव्हा त्या टबाजवळ उभ्या होत्या आणि उगाचच रस्त्याकडे बघत होत्या.

“नीट बस. आणि ही गोधडी मांडीवर धर. बाळाची आहे, ग्रीस लागू देऊ नको,” असं म्हणून त्या तरातरा बसस्टॉपकडे गेल्या.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. आप्पांनी मंजुळेकडे असं पाहिलं, की जणू गाडीनं बोर्डात नंबर काढला. कलिन्याकडे जाताना पहिलं वळण आलं. टबाच्या पोटातून आवाज आला, गडगडगड... ठक्.

मंजुळेनं टबाची कड धरली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

“आवाज येतोय का गं कसला?” आप्पांनी ओरडून विचारलं. “माझ्या मांडीखाली इंजिन बडबडतंय, मला टबातलं काही कळत नाही. तू माझा कान.”

कान झाल्यावर खोटं बोलणं जड जातं. “येतोय,” ती म्हणाली.

गाडी बाजूला घेतली गेली. “कसा? खडखड की खुळखुळ?”

“गडगड. आणि मग ठक्.”

“ठक् की खट्?”

“ठक्.”

“खट् असतं तर चेन. ठक् म्हणजे...” आप्पांनी डोळे मिटले. “सरळ रस्त्यावर येतो?”

“नाही. फक्त वळणावर.”

“डाव्या की उजव्या?”

“दोन्ही. पण डाव्या वळणाला आवाज उजवीकडे जातो आणि उजव्या वळणाला डावीकडे येतो.”

“आवाज जातो-येतो?” आप्पा चमकले. जाणारा-येणारा आवाज त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांना भेटला नव्हता. स्क्रूड्रायव्हर निघाला. उभ्या गाडीला सगळीकडून कान लावून झाला. उभ्या गाडीत आवाज नव्हताच. त्यांनी दोन बोल्ट आवळले, गाडी निघाली, आणि पुढच्या वळणावर पुन्हा, गडगडगड... ठक्.

“आला?”

“आला.”

त्यांनी आणखी दोन बोल्ट आवळले. मग सायलेन्सरला लाथ मारून पाहिली. मग मडगार्ड धरून हलवलं. प्रत्येक थांब्यावर मंजुळेचा जीव थोडा थोडा वर येत होता. समोर आता कुर्ल्याचा रस्ता होता. आप्पांनी दिलेला शब्द रस्त्याच्या शेवटी उभा राहून आपली वाट बघतोय असं तिला वाटत होतं.

आणि तो खरोखरच उभा होता. ऐन भंगारच्या दुकानांसमोर एक मोठं वळण आलं. या वेळचा ठक् इतका जोरदार होता की मंजुळेच्या बैठकीखालची फळी थरथरली.

“हा मलासुद्धा कळला!” आप्पांनी ब्रेक मारला. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट उजेड पडला होता. “बेअरिंग! टबाच्या चाकाचं बेअरिंग. वळणावरच बोलतं ते. उतर.”

“इथंच उघडायचं, आप्पा? इथं?” मंजुळेनं समोर पाहिलं. दुकानासमोर गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचले होते. दारात लुंगीतला भंगारवाला दात कोरत बसला होता. त्यानं टबाकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मांजर मासळीच्या पाटीकडे बघते.

“चाचा, टब अलग देनेका क्या? अच्छा भाव देगा.”

“हट्,” आप्पा म्हणाले आणि टबाखाली दगड लावू लागले.

मुंबईत रस्त्यावर चाक निघालं की माणसं कुठून येतात कळत नाही. पंक्चरवाला बाळा पाना घेऊन आला आणि चाक फिरवून म्हणाला, “काका, बेरिंग तर मक्खन आहे. तुमचा सायलेन्सर गेला.” त्याच्याकडे एक जुना सायलेन्सर विकायला पडून होता. एक शाळामास्तर दिसणारे गृहस्थ म्हणाले, शॉकअप. बसची वाट बघणारी एक म्हातारी रांग सोडून आली आणि म्हणाली, “आत उंदीर असंल. आमच्या पेटीत होता, असाच धावायचा.”

“आजी, उंदीर ठक् करत नाही,” बाळा म्हणाला.

“भिंतीवर डोकं आपटलं तर करंल की!”

त्याच वेळी वाकोल्याकडून येणारी डबलडेकर तिथं वळली. वरच्या मजल्यावर खिडकीत सगुणाबाई होत्या. त्यांना वरून सगळं एका नजरेत दिसलं असणार. दगडावर टेकलेला टब, निघालेलं चाक, मागं भंगाराची दुकानं आणि मध्ये तेलकट हातांचा नवरा. त्या अर्ध्या बाहेर आल्या.

“आलं ना कुर्लंऽ!” त्या ओरडल्या, आणि बस पुढे गेली.

भंगारवाला खदखदून हसला. आप्पा हसले नाहीत. ते पाना ओढत होते, चेहरा घामानं निथळत होता. मध्येच ते फुटपाथच्या कडेला बसले आणि डावा खांदा चोळू लागले.

“काय झालं, आप्पा?”

“काही नाही. सांधा धरला जरा. टबात चिंधी बघ गं कुठं.”

मंजुळेनं टबात वाकून पाहिलं. चिंधी दिसेना. म्हणून तिनं बैठकीची फळी उचलली.

आत वरवंटा होता.

त्यांचाच वरवंटा. हळदीनं पिवळा पडलेला, एका टोकाला टवका उडालेला. तो टवका आप्पांनी खेकड्याची नांगी फोडताना उडवला होता आणि त्यावरून घरात अजून भांडण होई. तो फळीखाली लांबट पडला होता, दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा. तिनं त्याला बोट लावलं. तो गडगडत गेला आणि लाकडाला लागला. ठक्.

सगुणाबाई बंदरावरच्या होत्या. रिकामी होडी कलंडू नये म्हणून तळाला दगड ठेवतात, हे त्यांना पाटीवर ‘श्री’ गिरवण्याच्या आधी कळलं होतं. टबाला बोट न लावण्याची शपथ घेतलेल्या बाईनं पोरगी उडू नये म्हणून घरातला सगळ्यात जड दगड त्यात घातला होता. फक्त होडीत ते दगड घट्ट बसवतात, आणि वरवंटा गोल असतो.

“आप्पा...” मंजुळा हसू दाबत वळली.

आप्पा गर्दीच्या मधोमध उभे होते. जुनं ग्रीस काढून नवीन भरलेलं चाक त्यांनी एका बोटानं फिरवलं. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं, न बोलता.

“ऐका,” ते म्हणाले. “नुसत्या आवाजावरून सांगितलं. उघडायच्या आधी.”

म्हातारी म्हणाली, “गुणी हाय माणूस.” शाळामास्तरांनी मान डोलावली. भंगारवाल्यानं दात कोरायची काडी टाकली आणि चक्क सलाम केला, “चाचा, मान गये.” आप्पांचा चेहरा मंजुळेनं इतका सुखी फार दिवसांत पाहिला नव्हता.

“काय गं? मिळाली चिंधी?”

“नाही,” मंजुळा म्हणाली. ती पुन्हा टबात वाकली, बाळाची गोधडी उलगडली, वरवंटा तिच्यात घट्ट गुंडाळला आणि फटीत ठासून बसवला.

कुर्ला सुटलं. आप्पांनी मुद्दाम एक वळण जास्तीचं घेतलं. “येतो?”

“नाही.”

“नीट ऐक. आता?”

“नाही, आप्पा.”

घाटकोपर, विक्रोळी, भांडुप. दर वळणावर तोच प्रश्न. लपवाछपवीची सवय नसलेल्या माणसाला आग्रा रोडला किती वळणं आहेत ते त्या दिवशी कळावं. आप्पा मात्र शीळ घालत होते.

मुलुंडला व्याह्यांच्या दारात गाडी ऐटीत उभी राहिली. अनंतराव गॅलरीत आले. “अरे वा! जहाज स्वतःच्या पायानं आलं?”

“थोडं बेअरिंग बोलत होतं. गप्प केलं,” आप्पा म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी ती कथा पहिल्यापासून सांगितली. सगुणाबाई दारात सरबताचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांची जीभ कुर्ल्यापासून धार लावून तयार होती. पण “गडगड, मग ठक्, आणि तेही फक्त वळणावर” इथं कथा आली, तेव्हा ग्लास ओठांशीच थांबला. त्यांनी मंजुळेकडे पाहिलं. मंजुळेनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“गोधडी कुठंय?” सगुणाबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

“टबात.”

“टबात कुठं?”

“त्याच्याच अंगावर.”

सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले.

एवढ्यावर भागलं असतं. पण पाळणा सजला आणि अनंतरावांची बहीण लता म्हणाली, “वरवंटा आणा रे कुणीतरी.” बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला बाळासारखं गुंडाळून पाळण्याखालून-वरून फिरवतात. पण अनंतरावांच्या घरी मिक्सर होता. ते अभिमानानं म्हणाले, “आमच्याकडे पाटा-वरवंटा केव्हाच काढला.” बायका बिल्डिंगभर फिरून आल्या. सगळीकडे मिक्सर. मुलुंड फार सुधारलं होतं.

“लाटणं चालेल?”

“लाटण्याचं कुठं बारसं करतात!”

“अरे, त्यात काय,” आप्पा उठले. “मी जातो वाकोल्याला आणि आमचाच घेऊन येतो. गाडी आता झकास आहे. गेलो की आलो.”

“नकोऽ!” मायलेकी एकदम ओरडल्या. पाळण्यावरचं झुंबरसुद्धा हललं.

“मी बघते,” मंजुळा म्हणाली. “खाली एक बाई पाट्यावर वाटताना दिसल्या मघाशी.” आणि ती जिना उतरून पळाली. वर आली तेव्हा हातात गोधडीत गुंडाळलेलं बाळ होतं, चांगलंच जड.

“अगं बाई, गोधडीतच आणलास! किती हुशार,” लता म्हणाली.

गोविंद-गोपाळ करत वरवंटा या हातातून त्या हातात गेला. पुरुषमंडळी दारातून बघत होती. एका हेलकाव्याला गोधडीचं टोक सरकलं आणि टवका उडालेलं टोक क्षणभर बाहेर डोकावलं. मंजुळेनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा तिकडेच बघत होते. मग ते वळले आणि अनंतरावांना म्हणाले, “पेढा आणा हो अजून एक.”

गोधडी बाळाकडे राहिली. ‘खालच्या बाईंना’ परत द्यायचा म्हणून मंजुळेनं वरवंटा पदराखाली नेला आणि जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून फळीखाली ठेवला. सगुणाबाई बसनंच परतल्या. येताना आप्पा वळणं इतकी हळू घेत होते की मागचे रिक्षावाले हॉर्न मारून थकले.

“आवाज?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बरं.”

संध्याकाळी ताटावर बसल्यावर आप्पांनी विचारलं, “चटणी नाही?”

“वरवंटा शेजारच्या शकुकडे दिलाय,” सगुणाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या.

“तिच्याकडे पाटा आहे, वरवंटा नाही?”

“फुटला तिचा.”

“वरवंटा फुटला?” आप्पांनी शांतपणे घास चावला. “वळणावर असेल.”

मंजुळेला ठसका लागला. आप्पांनी तिच्याकडे न बघता पाण्याचा तांब्या सरकवला. शेजारच्यांच्या टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू झाला होता, सगळी चाळ तिकडे गेली. आप्पा गाडीवर ताडपत्री टाकून येतो म्हणून खाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते हात धुऊन, शीळ घालत.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसलेले आप्पा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी काहीतरी जाणवलं असेल, हात, खांदा, दम. मंजुळेला फुटपाथची कड आठवली. त्या दिवशी एवढी माणसं जमली होती. सगळ्यांनी चाकाला कान लावला होता.

दिवस झाले, पाहुणे गेले. जो तो आप्पांच्या कानाची गोष्ट सांगून गेला. अनंतरावांनी तर कुर्ल्याच्या बेअरिंगची कथा तिथं स्वतः हजर असल्यासारखी सांगितली, आणि सांगताना त्यांना रडू फुटलं. मायलेकी ऐकत राहिल्या.

मग एका सकाळी सगुणाबाई म्हणाल्या, “वरवंटा आणायला हवा गं वर.”

दोघी खाली गेल्या. ताडपत्री काढली. सगुणाबाईंनी आज टबाला हात लावला, सरळ, सगळ्या चाळीदेखत, आणि फळी उचलली.

वर्तमानपत्राचे बोळे नव्हते. वरवंटा बरोबर मधोमध होता. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या, खाली गोणपाट होतं आणि वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळून बांधला होता. होडी कितीही हेलकावली तरी सुटणार नाही असा.

“ही गाठ तुझी?” सगुणाबाईंनी विचारलं.

“नाही. तुझी?”

सगुणाबाईंनी गाठीवरून बोट फिरवलं. “ही नाखव्यांची गाठ. नांगराच्या दोराला मारतात.” त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते, मग कशानं हलत होते ते कळेना. “सगळं कळलं होतं त्या माणसाला. आणि मला म्हणे, वळणावर फुटला असेल!”

“सोडवू?” मंजुळेनं विचारलं.

“राहू दे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मी शकुकडून आणते वरवंटा.” आणि त्या जिन्याकडे गेल्या.

मंजुळेनं फळी बसवली आणि टबात जाऊन बसली. पावाचा वास येत होता. उजवीकडे मोटरसायकलची रिकामी बैठक होती. तिनं फळीखालून हात घालून वरवंटा हलवून पाहिला. तो हलला नाही.

“आप्पा,” ती त्या रिकाम्या बैठकीला म्हणाली, इंजिन चालू असताना बोलावं लागे तितक्या मोठ्यानं, “बेअरिंगला काही झालं नव्हतं. वरवंटा होता तो.”